डेव्हिड बेकर यांचे ‘हाऊ टू प्ले बीबॉप’: दोन निषादांचा हिशेब

‘हाऊ टू प्ले बीबॉप’ हे डेव्हिड बेकर यांचे, बीबॉप या वेगवान जॅझशैलीचे तीन खंडांतले पाठ्यपुस्तक मी दुसऱ्या खंडापासून वाचायला घेतले आणि त्यात माझा दोष नव्हता. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडे मी पहिले दोन खंड मागवले होते, त्याने दुसऱ्याच खंडाच्या दोन प्रती पाठवल्या. चूक दुरुस्त होऊन पहिला खंड हाती येईपर्यंत पाच आठवडे गेले. तेवढ्या काळात दुसऱ्या खंडातले छोटे छोटे स्वरसमूह मी ट्राँबोनवर (नळी आतबाहेर सरकवून स्वर बदलायचे पितळी वाद्य) घोकून काढले. मात्र ते कुठे उचलायचे आणि कुठे आणून सोडायचे, हे काही केल्या उमगेना. पलटे तोंडपाठ असावेत आणि सम कुठे आहे याचा पत्ता नसावा, अशी ती अवस्था होती. पहिला खंड आल्यावर अर्ध्या तासात कोडे सुटले, म्हणून या खंडाबद्दलच जास्त लिहितो.

बेकर यांचा मूळ मुद्दा आपल्या सरगमच्या भाषेत सांगता येतो. पांढरी एक हा सा धरला आणि साथीला त्यावरची डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे ठरावीक स्वर) असली, तर कॉर्डचे स्वर चार: सा, ग, प आणि कोमल नी. आता तार सा पासून एका मात्रेत दोन स्वर या हिशेबाने सा, कोमल नी, ध, प, म, ग, रे असे सात स्वर घेत उतरलो, तर मात्रेवर सा, ध, म, रे पडतात. म्हणजे सा सोडला तर कॉर्डबाहेरचेच स्वर ठोक्यावर येतात आणि खालच्या सप्तकात गेल्यावर सगळी मांडणी पुन्हा बदलते. सा आणि कोमल नी यांच्या मध्ये शुद्ध नी घातला की स्वर आठ होतात आणि ठोक्यावर सा, कोमल नी, प, ग हे चारही कॉर्डचे स्वर नेमके येऊन बसतात; मग कितीही सप्तके उतरा, हिशेब चुकत नाही. बीबॉप घडवणाऱ्या चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या पिढीने ही गोष्ट कानाने साधली होती. तिला ‘बीबॉप स्केल’ हे नाव देऊन ती वर्गात शिकवण्याजोगी करण्याचे श्रेय बेकर यांना दिले जाते.

खमाजात दोन्ही निषाद आपण नेहमी ऐकतो, परंतु तिथे आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल अशी त्यांची वाटणी असते आणि ते एकामागोमाग एक घेणे आपल्या कानाला सहसा रुचत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस मला तो शुद्ध नी बोचत राहिला. पुढे लक्षात आले की तो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत येतो आणि थांबत नाही. तोच स्वर चुकून ठोक्यावर घेतला तर मात्र बेसूर वाटतो. मेजर आणि मायनर कॉर्डसाठीही बेकर असाच एकेक जादा स्वर योग्य जागी घालून देतात, आणि कॉर्डबाहेरच्या स्वरापासून सुरुवात झाली तर तोल कसा सावरायचा याचे नियम सांगतात. डिमिनिश्ड, होल टोन आणि ब्लूज स्केलचा भाग त्यामानाने उरकल्यासारखा आहे, पण ती माहिती इतरत्र सहज मिळते.

पुस्तक सर्व वाद्यांसाठी असल्याने ट्राँबोनवाल्याला स्लाइडचा, म्हणजे सरकत्या नळीचा, विचार स्वतःच करावा लागतो. हाच अवरोह मी आधी सवयीने वाजवत होतो: सा तिसऱ्या पोझिशनला (नळी बाहेर सरकवण्याच्या ठरावीक जागांपैकी तिसरी), शुद्ध नी चौथ्या आणि कोमल नी एकदम पहिल्या. प्रत्येक वेळी हात बाहेर जाऊन झटक्याने आत यायचा आणि लय तिथेच अडखळायची. कोमल नी पाचव्या पोझिशनला घेतला तेव्हा तीन, चार, पाच अशी स्लाइड सरळ बाहेर सरकत गेली. मात्र तिन्ही स्वर एकाच पट्ट्यातले, म्हणजे ओठांची पकड न बदलता नळी सरकवूनच मिळणारे, असल्यामुळे जिभेने प्रत्येक स्वर वेगळा केला नाही, तर ते मींड घेतल्यासारखे एकमेकांत ओघळतात. सॅक्सोफोनवाल्यांना ही अडचण कळणार नाही.

हे सगळे लिहिणारा मनुष्य स्वतः मोठा ट्राँबोनवादक होता, हे पुस्तकात फारसे जाणवत नाही. बेकर १९३१ मध्ये इंडियानापोलिस येथे जन्मले. नामवंत ट्राँबोनवादक जे. जे. जॉन्सन याच शहरातले आणि स्लाइड हॅम्प्टनही इथेच वाढले, तेव्हा ट्राँबोन वाजवणाऱ्या मुलाला याहून चांगले शेजारपण मिळणे कठीण. इंडियाना विद्यापीठातून त्यांनी संगीतशिक्षणाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली, १९५९ मध्ये लेनॉक्सच्या जॅझ शाळेत शिकले आणि जॅझ रचनाकार जॉर्ज रसेल यांच्या सेक्सटेटमध्ये, म्हणजे सहा वादकांच्या संचात, स्थान मिळवले. पण १९५३ मधल्या मोटार अपघातात जबड्याला झालेली इजा पुढे नडली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, नाव होऊ लागलेले असतानाच, त्यांना ट्राँबोन बाजूला ठेवावा लागला. तिशीत आलेल्या या वादकाने मग चेलो शिकायला घेतला, संगीतरचनेकडे आपला मोर्चा वळवला आणि शिकवण्याला वाहून घेतले. यानोश श्टार्कर यांच्यासारख्या श्रेष्ठ चेलोवादकासाठी त्यांनी पुढे सोनाटा लिहिला. १९६६ पासून त्यांनी इंडियाना विद्यापीठात जॅझचा अभ्यासक्रम उभा केला आणि कित्येक दशके चालवला. रँडी ब्रेकर, पीटर अर्स्काइन आणि क्रिस बॉटी हे पुढे नावाजलेले वादक तिथल्याच वर्गांतून गेले. २०१६ मध्ये बेकर यांचे निधन झाले.

मला हे पुस्तक त्या जबड्याच्या दुखण्यापासून वेगळे काढता येत नाही. ज्याला वाजवून दाखवता येत होते आणि पुढे येईनासे झाले, त्याला प्रत्येक गोष्ट शब्दांत आणि नोटेशनमध्ये उतरवावी लागली असणार. म्हणूनच इथे ‘असे वाटले की असे वाजवा’ या थाटाचे मोघम वाक्य शोधून सापडत नाही. हा अर्थात माझा तर्क. घराण्यांच्या गळ्यात असलेल्या बंदिशी भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त आणल्या, तेव्हा कागदावरच्या गाण्यात जीव नसतो अशी तक्रार झाली. जॅझच्या शाळांवरही नेमका हाच आक्षेप घेतला जातो: सगळे विद्यार्थी एकसारखे वाजवू लागतात. आक्षेप खोटा नाही. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःचे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले. स्वर सगळे बरोबर होते आणि ऐकवत नव्हते.

पुस्तकाची खरी उणीवही इथेच आहे. कोणता स्वर कुठे पडेल हे ते चोख सांगते, पण स्विंग, म्हणजे मात्रेतला पहिला स्वर किती लांबवायचा आणि दुसऱ्यावर किती वजन द्यायचे, हे छापील ओळीवरून समजत नाही. माझ्या प्रतींसोबत ध्वनिमुद्रण नाही. ही उणीव मी रसेल सेक्सटेटचा मे १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘एझथेटिक्स’ हा अल्बम ऐकून भरून काढतो आहे. सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी यांच्या बाजूला वाजणारा तो ट्राँबोन बेकर यांचाच, आणि ‘ऑनेस्टी’ ही रचनाही त्यांचीच. त्यातले वादन पुस्तकापेक्षा कितीतरी मोकळे आहे.

पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसेल तर पैसे घालवू नयेत. कॉर्डची प्राथमिक ओळख नसेल तरीही सहा महिने थांबावे. बाकीच्यांनी पहिला खंड निःशंक घ्यावा आणि त्यातला धडा बाराही स्वरांना सा करून वाजवावा. दुसरा खंड त्यानंतर उघडला की ते स्वरसमूह आपापल्या जागी बसू लागतात. जुन्या बीबॉप रचना पाठ करून त्या कशा वापरायच्या, हे सांगणारा तिसरा खंड मी अजून मागवलेला नाही. सध्या मेट्रोनोम ८० वर आहे आणि काळी चारला सा धरला की माझी स्लाइड अजूनही अडखळते.