निंगालूची व्हेल शार्क सफर : सकाळचा सराव सोडू नका

पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालूला व्हेल शार्कसोबत, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या माशासोबत, पोहण्याची एक दिवसाची सफर महाग आहे. माणशी चारशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, बोटी निघतात त्या एक्समथ गावापर्यंत पोचायचा खर्च वेगळा, आणि मासा दिसेलच अशी हमी नाही. तरीही पैसे साठवून जावं अशी ही सफर आहे. मुख्य कारण म्हणजे इथे माशाला खायला घालून बोलावत नाहीत. तो आपल्या वाटेने चाललेला असतो, माणसं थोडा वेळ त्याच्या बाजूने पोहतात आणि तो पुढे निघून जातो. पण मासा कोणासाठी थांबत नाही, म्हणून पाण्यात उतरणाऱ्याला पोहता आलं पाहिजे. जेमतेम तरंगता येणाऱ्याने आधी दोन-तीन महिने तलावात फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे रबरी पंखे) घालून सराव करावा आणि मगच आरक्षण करावं.

निंगालू ही किनाऱ्याला लगटून वाढलेली प्रवाळाची रांग, म्हणजे रीफ. लांबी सुमारे २६० किलोमीटर, आणि २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत. रीफच्या आतलं पाणी उथळ आणि बऱ्यापैकी शांत असतं. बाहेर पडलं की तळ झपाट्याने खोल जातो आणि महासागराची लांब उसळी सुरू होते. व्हेल शार्क भेटतो तो बाहेर. एक्समथच्या बहुतेक बोटी टँटाबिडीच्या धक्क्यावरून सुटतात. गावापासून हे अंतर चाळीसेक किलोमीटर आहे आणि ने-आण सफरीतच धरलेली असते. दक्षिणेला दीडशे किलोमीटरवर कोरल बे आहे, तिथूनही सफरी निघतात. तिथली जमेची बाजू मँटा रे हे पंखांसारखे पसरट मोठे मासे, जे वर्षभर दिसतात. फक्त व्हेल शार्कसाठी यायचं असेल तर एक्समथ सोयीचं, कारण बोटी जास्त आणि विमानतळ जवळ.

हंगाम मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. सुरुवातीला, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ अंडी सोडतं. त्या सुमारास पाण्यात खाद्य वाढतं आणि मासे किनाऱ्याजवळ येतात. जूननंतर पाणी गार होतं, पण उत्तरेकडे निघालेले हंपबॅक देवमासे बोटीवरून दिसू लागतात. एकच महिना निवडायचा तर मे निवडावा.

आता सकाळच्या सरावाबद्दल. बाहेर जायच्या आधी बोट रीफच्या आत थांबते आणि सगळ्यांना उथळ पाण्यात उतरवतात. बरेच जण ही उडी किरकोळ समजतात, फोटो काढत बसतात किंवा थंडीचं कारण सांगून डेकवरच थांबतात. ही मोठी चूक आहे. गाइड याच वेळी कोणाला मदत लागेल हे पाहत असतो, आणि सामानातला प्रत्येक दोष इथेच दुरुस्त करता येतो. बाहेर माशाच्या बाजूने जाताना मास्कमध्ये पाणी शिरलं, तर ते काढण्यात गेलेली वीस सेकंदं म्हणजे मासा हातचा गेला.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी गळलं की लोक पट्टा आवळतात, पण जास्त आवळल्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी शिरतं. मिशी असेल तर वरच्या ओठावर थोडी सिलिकॉन ग्रीस लावावी. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून एकदाच विसळावं. स्वतःचा नवा मास्क नेणार असाल तर घरीच टूथपेस्टने काच आतून दोन-तीन वेळा घासा. कारखान्यातला सिलिकॉनचा थर काचेवर असेपर्यंत कुठलाच उपाय चालत नाही. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क या सफरीला नकोच. जोरात पोहताना त्यात श्वास अपुरा पडतो आणि पाणी शिरलं तर पटकन बाहेर काढता येत नाही.

फिन्स पायात घट्ट पण न टोचणाऱ्या हव्यात. सैल असतील तर टाच सोलवटते आणि पोटरीत गोळा येतो. पाय गुडघ्यातून सायकलसारखे न फिरवता जांघेतून सरळ हलवायचे आणि फिन पाण्याखालीच ठेवायचे. पृष्ठभागावर आपटले तर वेग मिळत नाही, आणि मागच्याला फेसाशिवाय काही दिसत नाही. सनस्क्रीन कपाळावर थापू नये. ते ओघळून मास्कमध्ये उतरतं आणि डोळे चुरचुरतात.

सरावानंतर बोट रीफमधल्या खिंडीतून बाहेर पडते आणि वाट पाहणं सुरू होतं. वर टेहळणीचं छोटं विमान घिरट्या घालत असतं. त्यातल्या माणसाला निळ्या पाण्यात मासा गडद लांबट सावलीसारखा दिसतो आणि तो रेडिओवर जागा कळवतो. तिकिटाच्या किमतीतला बराच वाटा या विमानाचा असतो, आणि तो योग्यच आहे. पाण्याच्या पातळीवरून हा मासा शोधणं जवळपास अशक्य आहे.

याच टप्प्यावर अनेकांचा दिवस बिघडतो. बोट थांबून डोलत असते, डिझेलचा वास येतो आणि मळमळ सुरू होते. त्यावरची गोळी बोट सुटण्याच्या निदान तासभर आधी पोटात गेलेली हवी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून कोणती घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारावं. बोटीवर मागच्या बाजूला, उघड्यावर, क्षितिजाकडे पाहत बसावं. आतल्या खोलीत किंवा संडासात जाऊन बसलं की त्रास दुप्पट होतो.

हाक आली की सगळं भराभर होतं. पहिला गट मागच्या फळीवर मास्क-फिन्स लावून बसलेलाच असतो. माशाच्या वाटेवर, त्याच्या पुढे, बोट गटाला उतरवते. उतरल्यावर मान वर काढून इकडेतिकडे पाहायचं नाही. तोंड पाण्यात घालायचं आणि गाइडच्या हाताच्या दिशेला नजर लावायची. आधी फक्त निळा रंग आणि त्यात तिरपे उतरलेले उन्हाचे पट्टे दिसतात. मग त्या निळ्यात फिकट ठिपक्यांची एक ओळ उमटते, पण आकार अजून दिसत नाही. दोन श्वासांत ठिपक्यांपुढे रुंद, सपाट डोकं दिसतं, त्याच्या टोकाला आडवं तोंड, आणि तोंडापुढे पिवळ्या रंगाची चिमुकली मासळी पोहत असते. या क्षणी गटाने बाजूला सरकून वाट द्यायची असते. नवखे इथेच थिजतात आणि माशाच्या थेट समोर राहतात. मग गाइडला त्यांना दंडाला धरून ओढावं लागतं.

पुढे त्याच्या बाजूने पोहायचं. माशाची शेपटी सावकाश हलते, त्यामुळे तो संथ वाटतो, पण त्याच्या एका फटकाऱ्याला माणसाला कितीतरी लाथा माराव्या लागतात. मागे पडलात तर शेपटीमागे धावून उपयोग नाही. हात वर करून थांबावं, बोट उचलते आणि पुन्हा पुढे सोडते. इथे दिसणारे बहुतेक मासे वयात न आलेले नर असतात, बरेचसे चार ते आठ मीटर लांबीचे. जगातला सर्वांत मोठा मासा म्हणून बारा मीटरची अपेक्षा ठेवून गेलेले पहिल्या उडीआधी थोडे हिरमुसतात. पाण्यात सहा मीटरचा मासा शेजारून जाऊ लागला की ती तक्रार उरत नाही. पाच लांब कल्ले उघडझाप करताना दिसतात, अंगावरच्या उभारलेल्या लांब रेघा दिसतात, आणि पोटाखाली रिमोरा नावाचे छोटे मासे चिकटलेले असतात.

नियम कडक आहेत आणि ते पाळले जातात, हीच या सफरीची खरी गुणवत्ता. माशाजवळ एका वेळी दहापेक्षा जास्त पोहणारे नाहीत. डोक्यापासून आणि अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवायचं. शेपटीला जास्त, कारण तिचा फटका बसला तर माणूस जखमी होतो. स्पर्श नाही, फ्लॅश नाही. माशाभोवतीच्या २५० मीटरच्या वर्तुळात एकाच बोटीला परवानगी असते आणि तीही ३० मीटरच्या आत येत नाही. दचकलेला मासा सरळ खाली सूर मारतो, आणि मग कोणालाच दिसत नाही. वीस पाहुणे घेतलेले असतात तेव्हा दहा-दहाचे दोन गट आलटून-पालटून उतरतात, म्हणजे अर्धा वेळ डेकवर जातो. पाहुणे कमी घेणारी बोट थोडी महाग असली तरी तीच घ्यावी.

मासा लवकर सापडला तर परतीच्या वाटेवर रीफच्या आत आणखी एक उडी मिळते. त्यात हिरवी कासवं बहुधा दिसतात. ड्यूगाँग (समुद्री गवत खाणारा सस्तन प्राणी) दिसला तर बोटीवरूनच पाहायचा असतो.

आरक्षण करताना एक प्रश्न विचारायलाच हवा : मासा दिसला नाही तर काय? बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत. जागा रिकामी असेल त्या दिवशी पुन्हा यायची मुभा मिळते. म्हणून एक्समथमध्ये निदान तीन दिवस ठेवावे आणि सफर पहिल्याच दिवशी घ्यावी. शेवटच्या दिवसाची सफर वाऱ्याने रद्द झाली तर हातात काहीच राहत नाही. विमान नेमकं किती वेळ वर असतं आणि पाण्यातले फोटो किमतीत धरले आहेत का, हेही विचारून घ्यावं.

स्वतःचा कॅमेरा नेलात तर तो मनगटाला बांधा आणि पडद्याकडे पाहत पोहू नका, अंतर चुकतं. एक फोटो मात्र जरूर साधावा : डावी बाजू, शेवटच्या कल्ल्याच्या लगेच मागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग. प्रत्येक व्हेल शार्कची तिथली ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. मुळात ताऱ्यांच्या फोटोंतले नकाशे जुळवण्यासाठी बनवलेल्या गणिती पद्धतीने संशोधक या ठिपक्यांवरून माशाची ओळख पटवतात. फोटो गाइडकडे दिला की कोणता मासा कोणत्या वर्षी परत आला, याच्या नोंदीत तो वापरता येतो.