जारवाला चोख, पण पाणीपट्टी कशाची?

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या २०१६ सालापासून आमच्या तालुक्याच्या गावी हा पाण्याचा जार घेतो. २० लिटर, गोडं पाणी. पोरगा तीन जिने चढून रांजणाजवळ ठेवतो, आईला "मावशी, झाकण बघून घ्या" म्हणतो. पाचपैकी चार तारे; एक कापला, कारण मे महिन्यात दोन सांगितले तर एकच येतो. खरा जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीनं. नळाला आठ दिवसांनी पाणी, पट्टी मात्र वर्षभराची! आयर्लंडमध्ये २०१२ ला घरामागं १०० युरोंची घरपट्टी लावली, तर विरोधी बाकांवरचे काही खासदार "भरू नका" म्हणत लोकांसोबत उभे राहिले. पुढं पाण्याचं बिल आलं, त्याचे भरलेले पैसे मात्र सरकारला लोकांना परत द्यावे लागले. आमच्या आमदारांनी आमचा जारचा खर्च सभागृहात मांडावा.