जेपेग, वेबपी की एव्हीआयएफ? संकेतस्थळावरील छायाचित्रांसाठी निवड

साड्या विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानाचे संकेतस्थळ उघडायला वेळ लागत असेल, तर बहुतेक वेळा भार छायाचित्रांचाच असतो. फॉरमॅट, म्हणजे जेपेग, वेबपी, एव्हीआयएफ यांसारखी चित्राची फाइल साठवण्याची पद्धत, निवडण्याआधी छायाचित्रांचा आकार पाहावा. मोबाइलवर काढलेले ४००० बाय ३००० पिक्सेलचे छायाचित्र पानावर ८०० पिक्सेल रुंदीत दिसणार असेल, तर अधिक घनतेचे (त्याच रुंदीत दुप्पट पिक्सेल असलेले) पडदे गृहीत धरूनही १६०० पिक्सेल रुंदी पुरते आणि एवढ्यानेच पिक्सेलांची संख्या एक षष्ठांशाहून खाली येते. केवळ फॉरमॅट बदलून, दर्जा तोच राखून, एवढी बचत होत नाही.

१९९२ पासूनचे जेपेग कुठेही उघडते. मात्र ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील गाळते. त्यामुळे चित्रातील देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या-अनुस्वारांभोवती मळकट कडा दिसतात. अशा मजकुरासाठी तपशील न गाळणारे पीएनजी हे फॉरमॅट किंवा वेबपीचा तपशील न गाळणारा प्रकार घ्यावा. खरे तर मजकूर चित्रात घालूच नये.

गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान असते, असे गूगलच सांगते. २०२० मध्ये अॅपलच्या सफारी ब्राउझरनेही ते स्वीकारल्यामुळे आता वापरायला अडचण उरलेली नाही. त्याची उणीव रंगात आहे. तपशील गाळणाऱ्या वेबपीत रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवली जाते, त्यामुळे हिरव्या काठावरील लाल धाग्याची कड फिकी आणि पसरट दिसते. ग्राहक विणकाम पाहून साडी घेत असेल, तर हा दोष क्षुल्लक नाही.

तिथे एव्हीआयएफ उजवे ठरते. त्यात रंगाचा पूर्ण तपशील राखता येतो आणि फाइल बहुधा वेबपीपेक्षाही लहान होते. मात्र फाइल तयार व्हायला बराच वेळ लागतो. शिवाय सफारीत ते २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये २०२४ पासूनच चालते, म्हणून जुन्या ब्राउझरसाठी जेपेगची प्रत सोबत ठेवावी लागते. पानाच्या एचटीएमएल कोडमधील 'पिक्चर' टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी आणि शेवटी जेपेग दिले, की ब्राउझर आपल्याला चालणारी पहिली फाइल उचलतो.

एवढा खटाटोप जमणार नसेल, तर सर्वसाधारण छायाचित्रांसाठी माझे मत वेबपीलाच आहे. मूळ छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत, कारण एकदा दाबलेल्या जेपेगचे वेबपी केले, की दोन्हींचे दोष एकाच चित्रात उतरतात.