वेबसाइट एकीकडे, मेल दुसरीकडे: आठ महिने वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मेल वापरणारे चौघेच. डोमेन घेतलं तेव्हा वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मेलबॉक्स फुकट मिळाले, तेच सहा वर्षं रेटले. मग एक दिवस पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन: "कोटेशन देणार आहात की नाही?" कोटेशन चार दिवसांपूर्वीच त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं होतं. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कितीतरी डोमेनचे मेल जातात. शेजाऱ्याने कचरा पाठवला की काळ्या यादीत आपणही. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम आवळलेले, आणि आमच्या डोमेनला डीकेआयएमच (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणारी डिजिटल सही) नव्हतं.

म्हणून मेलसाठी झोहो मेल ही वेगळी सेवा घेतली. फुकटचा प्लॅन पाच जणांपर्यंत चालतो, पण त्यात आयमॅप (आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधून सर्व्हरवरचे मेल बघायची सोय) नाही, आणि हिशेब बघणाऱ्या आमच्या काकांचं आउटलुकशिवाय पान हलत नाही. म्हणून चौघांचे पैसे भरले.

एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारी नोंद, बदलणं पाच मिनिटांचं काम. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणून ठेवला होता. घोळ मी पुढे घातला. जुना एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद) तसाच ठेवून खाली नवा टाकला. एका डोमेनला दोन एसपीएफ असले की तपासणी थेट चुकीची ठरते, म्हणजे दोन्ही असून नसल्यासारखे. दोन्ही एका ओळीत आणले तेव्हा सुटलं.

दुसरा घोळ तीन आठवडे कळलाच नाही. वेबसाइटच्या फॉर्मवरून एकही चौकशी येईना. मंदी असेल म्हणून गप्प बसलो! खरं म्हणजे जुन्या सर्व्हरला आपल्या डोमेनचे मेल अजून आपल्याकडेच येतात असं वाटत होतं, त्यामुळे फॉर्मचे मेल बाहेर न जाता तिथल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये साचत होते. अकरा चौकश्या निघाल्या. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या सेटिंग्जच्या पानावर) ईमेल राउटिंग 'रिमोट' करायचं असतं, एवढंच. मेल हलवणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच बघावं.

काकांचे जुने मेल पॉपने, म्हणजे कॉम्प्युटरवर ओढून घेणाऱ्या जुन्या पद्धतीने, उतरवलेले, सर्व्हरवर काहीच शिल्लक नाही. पीएसटीमधून (आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलमधून) फोल्डर ओढून आयमॅपवर चढवण्यात एक अख्खा दिवस गेला.

फायदा दिसला पावसाळ्यात. होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर दीड दिवस झोपला, वेबसाइट बंद, पण पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) आणि ड्रॉइंग येत राहिले. अर्थात आमचे नेमसर्व्हर (एमएक्ससारख्या डोमेनच्या नोंदी जिथे असतात ते सर्व्हर) डोमेन विकणाऱ्याकडे आहेत म्हणून. ते होस्टिंगवर असते तर मेलचीही बोंब झाली असती.

कोटेशन स्पॅममध्ये गेल्याची तक्रार तेव्हापासून आलेली नाही. डीएमएआरसी (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) अजून 'नन'वरच, म्हणजे 'काही करू नका'वरच आहे. त्याचे रिपोर्ट रोज येतात, वाचायला वेळ होत नाही. धाकटा भाऊ मात्र अजून विचारतो, "फुकट होतं ते का सोडलं?" त्या अकरा चौकश्यांबद्दल त्याला सांगितलेलं नाही.