‘हॅपिली एव्हर आफ्टर’ परत आला, आणि या वेळी मेन स्ट्रीटसकट

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर ती ‘हॅपिली एव्हर आफ्टर’साठी राखावी. साधारण अठरा मिनिटांचा हा आतषबाजी आणि प्रोजेक्शनचा, म्हणजे इमारतींवर टाकलेल्या हलत्या चित्रांचा, शो ३ एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाला आहे. लोकांनी जीव लावलेल्या शोला हात कसा लावावा, याचं इतकं चांगलं उदाहरण सहसा पाहायला मिळत नाही. पुण्यात मंडळांचे देखावे, नाटकांची प्रकाशयोजना आणि ध्वनी-प्रकाशाची कामं करणाऱ्यांनी तो मुद्दाम बारकाईने पाहावा. सहल म्हणून जाणाऱ्यांनी निदान उभं कुठे राहायचं, एवढं तरी आधी ठरवावं.

थोडा मागचा हिशेब. ‘विशेस’ हा शो ९ ऑक्टोबर २००३ ते ११ मे २०१७ इतका काळ चालला. त्यात सगळा भार आतषबाजीवर आणि संगीतावर होता. किल्ल्यावर रंगीत दिवे पडायचे, पण गोष्ट आकाशात घडायची. दुसऱ्याच दिवशी, १२ मे २०१७ ला, ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ आला आणि सिंड्रेलाचा किल्ला स्वतःच पडदा झाला. २९ सप्टेंबर २०२१ ला तो बंद केला, कारण १ ऑक्टोबरला पार्कला ५० वर्षं होत होती आणि त्यासाठी ‘एन्चान्टमेंट’ तयार होता. हा नवा शो दीड वर्ष टिकला. २ एप्रिल २०२३ ला तो संपला आणि जुना परत आला.

‘एन्चान्टमेंट’ कमी पैशात किंवा घाईत उरकलेला नव्हता. किल्ल्याबरोबर मेन स्ट्रीटच्या, म्हणजे प्रवेशद्वारापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या, दोन्ही बाजूंच्या इमारतींवर प्रोजेक्शन इथे त्यानेच नेलं, आणि ती कल्पना चांगलीच होती. अडचण कण्यात होती. ‘हॅपिली एव्हर आफ्टर’मध्ये स्वप्न, सोबत, प्रेम, संकट आणि विजय अशी चढण आहे. प्रत्येक गाणं त्या चढणीवरच्या एका पायरीसाठी निवडलेलं आहे. ‘एन्चान्टमेंट’मध्ये एकामागून एक सुंदर चित्रं येत होती, पण या चित्रानंतर तेच चित्र का, याचं उत्तर मिळत नव्हतं. वॉल्ट आणि रॉय डिस्नी या भावांना मानवंदना देणारा भाग पुढे सुरुवातीला जोडला गेला, तरी मधली वीण सैलच राहिली. प्रकाशाचं काम करणाऱ्यांना हे रोज दिसतं: दिवे वाढवून प्रवेश चढत नाही, आधी प्रवेशात चढ असावा लागतो.

म्हणून २०२३ चा निर्णय आम्हाला पटतो. जुना कणा तसाच ठेवला आणि मधल्या शोने केलेली एकमेव खरी भर, म्हणजे मेन स्ट्रीटवरचं प्रोजेक्शन, त्या कण्यावर बसवली. संगीत, निवेदन, किल्ल्यावरचे मुख्य प्रसंग, शेवटी किल्ल्याच्या वरून तारेवरून सरकत जाणारी टिंकरबेल परी, यांतलं काही हलवलेलं नाही. ज्यांना गाण्यांचा क्रम तोंडपाठ आहे त्यांना एकाही जागी ठेच लागत नाही.

मेन स्ट्रीटच्या प्रोजेक्शनने नेमकं काय साधलं, ते समजून घेण्यासारखं आहे. २०१७ चा शो पाहायला किल्ल्यासमोरच्या गोल चौकात, म्हणजे हबमध्ये, उभं राहणं भाग होतं. रस्त्यावर मागे थांबलेल्यांना किल्ला छोटा दिसायचा, त्यावरची हालचाल वाचता यायची नाही, मधे झाडं आणि खांब. पहिल्या पंगतीला श्रीखंड आणि शेवटच्या पंगतीला ताक, असा प्रकार होता. आता मागच्यांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती बोलतात आणि ते शोच्या आत उभे असतात.

पण फुकट काही मिळत नाही. हबमध्ये असलात तर मेन स्ट्रीट तुमच्या पाठीशी जातो आणि भर घातलेला भाग दिसतच नाही. रस्त्याच्या मध्यावर असलात तर किल्ला लहान होतो आणि मान डावी-उजवीकडे फिरत राहते. दोन्ही पूर्ण दिसतील अशी जागा नाही. शो पहिल्यांदाच पाहत असाल तर हब निवडा, कारण गोष्ट किल्ल्यावर आहे. दुसरी संधी मिळाली तर मेन स्ट्रीटच्या मध्यापासून हबकडच्या टोकापर्यंत कुठेही, रस्त्याच्या मधोमध. फुटपाथवर, दुकानाच्या छज्जाखाली थांबू नका. तिथून तुमच्या बाजूची भिंत दिसत नाही आणि अर्धं आकाश छज्जा खातो.

आता किल्ल्याच्या पृष्ठभागाबद्दल. तो १८९ फूट उंच आहे, दिसतो दगडी, पण आत पोलाद आणि काँक्रीट, वरचे मनोरे फायबरग्लासचे. वर जाताना प्रत्येक खिडकी, प्रत्येक कंगोरा मुद्दाम लहान केलेला, म्हणजे खालून पाहणाऱ्याला उंची जास्त वाटावी. डोळ्याला ही फसवणूक गोड लागते, पण प्रोजेक्शन करणाऱ्याला तिचा हिशेब ठेवावाच लागतो. सपाट चित्र तसंच टाकलं तर गोल मनोऱ्यावर ते कडेला ताणलं जातं आणि मागच्या मनोऱ्यावर भलत्याच जागी सांडतं. त्यासाठी आधी इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करतात, चित्र त्या मॉडेलवर रंगवतात, मग प्रत्येक प्रोजेक्टरच्या जागेवरून ते कसं दिसेल याचे तुकडे पाडतात. जिथे दोन प्रोजेक्टरचा उजेड एकमेकांवर येतो तिथे दोन्हींची कड हळूहळू मंद करत नेतात, नाहीतर मधोमध पांढरा पट्टा उमटतो. प्रोजेक्टर उन्हाने तापलेल्या कोठडीत किंचितही हलला, तर लांबवरच्या भिंतीवर खिडकीची चौकट खिडकीवरून सरकते. इथे तो सांधा फार चोख आहे. ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधला क्वासिमोदो मनोऱ्यांवरून चढतो तेव्हा त्याचा हात खऱ्या कठड्यावर पडतो, हवेत नाही.

काळा रंग मात्र प्रोजेक्टर टाकू शकत नाही. काळं म्हणजे फक्त उजेड नसणं. त्यामुळे आजूबाजूचे दिवे पूर्ण मंद केल्याशिवाय संकटाचा प्रसंग गडद होत नाही. मेन स्ट्रीटवर शोच्या वेळी दिवे उतरवतात, तरी तिथलं प्रोजेक्शन किल्ल्यापेक्षा फिकं वाटतं. भिंती वेगवेगळ्या रंगांच्या, मधे पाट्या, आणि खिडकीची काच उजेड परत न देता आत घेते. म्हणून तिथे चेहरे आणि बारीक रेषा कमी, रंगांचे मोठे ओघ आणि नक्षी जास्त वापरली आहे. निवड बरोबर आहे. जिथे क्वचित चेहरे आणले आहेत, तिथे ते खिडकीत फाटतात.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर असंच काही करावं, असं सुचणं साहजिक आहे. तो मोह आवरावा. तिथला खालचा दगड काळा बेसाल्ट. फिकट रंगाच्या फायबरग्लासवर जेवढ्या उजेडात चित्र उठतं, त्याच्या कितीतरी पट उजेड काळ्या दगडावर लागतो, आणि तरी रंग मळकेच दिसतात. बेसाल्टला भिंतीलगत खालून, अगदी तिरपा प्रकाश द्यावा. प्रत्येक चिऱ्याची सावली पडते, बुरुजाची गोलाई उठते, दारावरचे अणकुचीदार खिळे लांब सावल्या टाकतात. गोष्ट आवाजाने सांगावी. अमेरिकेच्या शोकडून तंत्र उचलण्यापेक्षा, पृष्ठभाग पाहून साधन ठरवण्याची शिस्त उचलावी.

आवाजाचं काम इथे सगळ्यात सरस आहे आणि त्याचं कौतुक सगळ्यात कमी होतं. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १७० मीटर मागे उभ्या माणसाला पुढच्या स्पीकरचा आवाज अर्धा सेकंद उशिरा मिळणार, आणि जवळच्या स्पीकरचा लगेच. दोन्ही एकदम वाजवले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागच्या स्पीकरांना अंतराच्या हिशेबाने उशीर द्यावा लागतो. मेन स्ट्रीटवर चालत गेलात तरी निवेदनाचा एकही शब्द दुहेरी होत नाही. मंडपापासून चौकापर्यंत कर्ण्यांची रांग लावून सगळ्यांना एकाच वायरवर जोडणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरी घेतली, तरी आवाज न वाढवता शब्द कळू लागतील.

आतषबाजीचा मेळही तसाच. शेल, म्हणजे दारूचा गोळा, नळीतून सुटून वर जाऊन फुटायला वेळ घेतो. तीन इंची शेलला अडीच-तीन सेकंद, मोठ्याला त्याहून जास्त. ठोक्यावर फुटायचं असेल तर तेवढं आधी सोडावं लागतं. संगीत, प्रोजेक्शन, लेझर आणि आतषबाजी एकाच टाइमकोडवर, म्हणजे एकाच घड्याळावर, बांधलेली असल्याशिवाय हे जमत नाही. धमाका मात्र उशिराच कानावर येतो, त्यावर इलाज नाही, आणि संगीतकाराने तो धरूनच मोठ्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. दारूकाम किल्ल्याच्या मागून उडतं, त्यामुळे समोरून ते बरोबर कळसावर उमलतं. टुमॉरोलँड किंवा ॲडव्हेंचरलँड या पार्कच्या बाजूच्या भागांच्या पुलावरून पाहिलंत तर फुलं एकीकडे आणि किल्ला दुसरीकडे.

लेझरचे झोत इथे लोकांच्या डोक्यांवरून जातात, डोळ्यांत शिरत नाहीत. आपल्याकडच्या मिरवणुकांत हे पाळलं गेलं पाहिजे. थेट डोळ्यात गेलेला झोत डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा करू शकतो.

उणं काय? वारा पडलेल्या रात्री धूर किल्ल्यासमोर रेंगाळतो आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत प्रोजेक्शन धुरकट होतं. थोडा धूर लेझरला लागतोच, पण इथे त्याचं प्रमाण कुणाच्या हातात नाही. दुसरं, मधला प्रेमाचा भाग किल्ल्यावर जितका भरलेला आहे तितका मेन स्ट्रीटवर नाही. तिथे भिंतींना पुरेसं काम दिलेलं नाही आणि मागचा प्रेक्षक पुन्हा प्रेक्षकच होतो. पुढे कधी हात लावायचा झालाच, तर इथे लावावा.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी काही नेमक्या गोष्टी. शोचं वेगळं तिकीट नाही, पार्कच्या तिकिटात तो येतो. पण दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तारीख आधी तपासावी. ऑगस्टपासून ऑक्टोबर अखेरीपर्यंत हॅलोवीनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरात ख्रिसमसच्या खास पार्ट्यांचे दिवस असतात. त्या दिवशी साध्या तिकिटावरच्या लोकांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं आणि रात्री दुसरीच आतषबाजी असते. अनेक जण नेमके तिथे फसतात.

मे-जूनमध्ये तिकडे सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे शो उशिरा असतो. उन्हाळ्यात ऑर्लँडो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यातले सकाळचे साडेसहा, म्हणजे नुकत्याच पोचलेल्या मुलांच्या शरीराच्या हिशेबाने रात्रभर जागरण झालेलं असतं. पोचल्या दिवशी हा शो ठेवू नका. तिसऱ्या दिवसापासून पुढे ठेवा.

हबमध्ये मधोमध जागा हवी तर तासभर आधी पोचा, गर्दीच्या हंगामात दीड तास. वॉल्ट आणि मिकीच्या पुतळ्याच्या थोडं मागे थांबलात तर किल्ला पूर्ण नजरेत मावतो. अगदी पुढे गेलात तर मान मोडते आणि वरचे मनोरे कळसासकट आकसतात. २० जुलै २०२५ पासून रात्रीची ‘स्टारलाइट’ मिरवणूकही सुरू झाली आहे. ती त्याच रस्त्याने जाते, त्यामुळे दोन्हींच्या वेळा एकत्र पाहून जागा धरा. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बाटली किंवा बरणी नको आणि गरम करावं लागेल असं काही नको. दशम्या, चटणी, बाकरवडी बसल्या जागी खाऊन घ्या, म्हणजे रांगेसाठी जागा सोडावी लागत नाही. सेल्फी स्टिक २०१५ पासून बंद आहे.

मोबाइलवर चित्रण करायचं तर किल्ल्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. न केल्यास फोन अंधार पाहून उजेड वाढवतो, आणि किल्ला पांढरा ठिपका होतो. नाइट मोड बंद ठेवा, हलतं चित्र त्यात पुसलं जातं.

वीज कडाडत असेल तर शो लांबणीवर पडतो किंवा रद्द होतो. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी-संध्याकाळी हे नेहमीचं आहे, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीवर भिस्त ठेवू नका.

परतीच्या वेळी सगळे एकदम मोनोरेल आणि फेरीकडे धावतात. मुलं दमलेली नसतील तर हबमध्येच अर्धा तास बसून राहा, गर्दी आपोआप ओसरते. काँटेम्पररी हॉटेलमध्ये उतरला असाल तर मोनोरेलचा विचारही करू नका. मुख्य दाराबाहेर पडून डावीकडची पायवाट धरा, दहा-बारा मिनिटांत खोलीवर पोचाल.