एसईओ पॅकेजचे सहा महिने, ती एक टिक, आणि फुकटचं सर्च कन्सोल

एसईओ, म्हणजे गूगलवर आपली साईट वर आणायचं काम, त्याच्या पॅकेजबद्दल जास्त सांगत बसत नाही, ज्याची स्वतःची वेबसाईट आहे त्याला "मॅडम, गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो" असा फोन येतोच येतो. आम्ही २०२५ च्या पाडव्यानंतर तसं एक घेतलं. आमचं राजारामपुरीत कोल्हापुरी चपलांचं दुकान, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं, ऑनलाईनची बाजू मी बघते. पॅकेज महिना १२ हजार, वर १८ टक्के जीएसटी, सहा महिन्यांचा करार, म्हणजे ८५ हजाराला चाळीस रुपये कमी. त्यात नवीन वेबसाईट "फ्री". एजन्सीचं नाव लिहीत नाही, शेवटच्या बिलाचं घोंगडं अजून भिजत पडलंय आणि कोल्हापूर काय तेवढं मोठं नाही.

तर ती टिक. वर्डप्रेसमध्ये (आमची साईट ज्यावर बनवलीय ते सॉफ्टवेअर) सेटिंग्ज, त्यात रीडिंग, तिथं अगदी तळाला एक चौकोन असतो, "डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साईट". साईटचं काम चालू असताना तिथं टिक करतात, म्हणजे अर्धवट पानं गूगलवर जाऊ नयेत, इथपर्यंत ठीक. काम झालं की ती काढायची असते. आमच्या लोकांनी काढली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात साईट लाईव्ह झाली, पेढे वाटले, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर "नोइंडेक्स, नोफॉलो", म्हणजे हे पान गूगलच्या यादीत (इंडेक्समध्ये) घेऊ नको आणि इथल्या लिंकांवरून पुढं जाऊ नको, हे तसंच. शटर वर, दिवे चालू, आणि दारावर "दुकान बंद आहे" अशी पाटी, असा सगळा प्रकार. त्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही विनंती पाळायची की नाही हे सर्च इंजिनच्या हातात आहे. गूगलनं अगदी इमानदारीत पाळली. एकेक पान काढून टाकलं.

आणि वेळ कुठली बघा. त्याच जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मॉडेलच्या पायात जवळजवळ आपलं पायताणच घातलं, कोल्हापूरचं नावही न घेता. पेपर, टीव्ही, व्हॉट्सॲप, सगळीकडं तेच. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार मिळून, हे आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी वाचलं असेल त्या आठवड्यात. कंपनीनं पुढं मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. म्हणजे जन्मात एकदा अख्खं जग "कोल्हापुरी चप्पल" टाईप करायला लागलं आणि आमची साईट गूगलला सांगत होती की आम्हाला दाखवू नको. याचं नुकसान किती ते कोणी काढून देऊ शकत नाही, म्हणूनच जास्त जळतं. हाताखालच्या कारागिरांना मी काय सांगू, टिक राहिली?

मी तेव्हा एजन्सीला विचारलं होतं, एवढा गाजावाजा चाललाय आणि आपल्याला एक ऑर्डर नाही, असं कसं. उत्तर काय, तर "मॅडम, एसईओ लाँग टर्म असतं, चार ते सहा महिने थांबायला लागतं." हे वाक्य खोटं नाही हीच तर गंमत आहे. गूगलचे लोकसुद्धा सांगतात की सुधारणा केल्यावर फायदा दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं. पण ते काम करणाऱ्यांसाठी आहे की हो, दार लावून बसणाऱ्यांसाठी नाही.

कळलं कसं, तर गणपतीच्या आधी पुण्याच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, तुमच्या दुकानाचं नाव टाकलं तरी साईट येत नाही, बंद केली काय?" नाव टाकून साईट येत नाही म्हणजे हा रँकिंगचा प्रश्नच नाही, एवढं मला पण कळलं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं पानावर राईट क्लिक करून सोर्स उघडला आणि नोइंडेक्स शोधलं, मिनिटभराचं काम. मग वर्डप्रेसमध्ये शिरलो तर डॅशबोर्डच्या पहिल्याच स्क्रीनवर, "ॲट अ ग्लान्स"च्या चौकटीत, लिहिलेलं, "सर्च इंजिन्स डिस्करेज्ड". पहिल्याच स्क्रीनवर! म्हणजे एजन्सीचा माणूस जितक्या वेळा लॉगिन झाला तितक्या वेळा ते त्याच्या नाकासमोर होतं. वर सर्च कन्सोल (आपली साईट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) त्यांनी त्यांच्या मेल आयडीवर व्हेरिफाय केलेलं. पानं इंडेक्समधून वगळली जायला लागली की गूगल तिथल्या मालकाला मेल टाकतं. तो मेल कुणाच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला असणार ते सांगायला नको.

भांडण झालं ते झालं, त्यात शिरत नाही. मामा, म्हणजे माझे सासरे, फोनवर एकच बोलले, "आमच्याकडं टाका निसटला तर आम्ही जोड परत घेतो, तुम्ही काय परत घेणार ते सांगा." तिकडून आवाज नाही.

आता सर्च कन्सोलचं, कारण खरा रिव्ह्यू त्याचाच आहे आणि ते फुकट आहे. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, आमच्याच नावावर होतं म्हणून वाचलो (ज्यांचं डोमेन एजन्सीच्या नावावर आहे त्यांनी आजच बघा, उद्या नको). डोमेन घेतलं त्या ठिकाणी लॉगिन करून डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) गूगलनं दिलेली टीएक्सटी ओळ चिकटवायची, थोडं थांबायचं, की आपण मालक. आत गेल्यावर एप्रिलपासूनचा आलेख दिसला, १६ महिन्यांपर्यंतचा मागचा डेटा तिथं राहतो. मे महिन्यात रेघ बरी चाललेली, जूनच्या मध्यापासून पायऱ्या उतरावी तशी खाली, आणि जुलैत तळाला चिकटून सरळ. मामांना दाखवायला मी त्याचा प्रिंट काढला.

टिक काढली म्हणून लगेच सगळं परत येत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) परत त्या पानावर यायला लागतो, टॅग गेलाय हे त्यानं बघायला लागतं, मग पुढं. यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाकून "रिक्वेस्ट इंडेक्सिंग" दाबता येतं पण त्याला रोजची मर्यादा आहे. होमपेज दोन-चार दिवसांत आलं, चपलांची पानं यायला दसरा उजाडला. आणि नवीन साईट करताना त्यांनी जुन्या पानांचे पत्ते बदलले होते पण जुन्यावरून नव्यावर आपोआप नेणारं ३०१ लावलंच नव्हतं, त्यामुळं एका फिरस्ता बाईंनी पूर्वी लिहिलेल्या लेखातून आमच्याकडं येणारी माणसं सरळ ४०४ वर, म्हणजे "पान सापडत नाही"वर, आपटत होती. ते भाच्यानं एका संध्याकाळी एका प्लगइननं लावलं. भाच्याचं बिल, एक प्लेट मिसळ.

मग मी जुने रिपोर्ट काढून बसले. महिन्याला वीसेक पानांची रंगीत पीडीएफ. त्यात "मेटा कीवर्ड्स ऑप्टिमायझेशन" (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) म्हणून एक काम दर महिन्याला. गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय की वेब सर्चच्या रँकिंगला तो कीवर्ड टॅग ते वापरत नाहीत. २००९! म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधीपासून जे कोणी बघत नाही त्याचे आम्ही पैसे भरले. दुसरं, "कोल्हापुरी चप्पल इन नाशिक", "इन नागपूर", "इन लातूर" अशी पानंच्या पानं, मजकूर तोच, गावाचं नाव फक्त बदललेलं. असल्या पानांना गूगलच्या स्पॅम धोरणात डोअरवे म्हणतात आणि ती चालत नाहीत, मी सगळी उडवली. तिसरं, बॅकलिंकची, म्हणजे दुसऱ्या साईटवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंकांची, यादी, कुठल्या कुठल्या देशातल्या डिरेक्टऱ्या, जिथं आमच्या चपला एका बाजूला आणि नळदुरुस्ती दुसऱ्या बाजूला. जुलैच्या रिपोर्टात आलेखाचं पान गुपचूप गायब आणि ही यादी मात्र दुप्पट, हे तर मी पिवळ्या पेननं रंगवून ठेवलंय. आणि "पोझिशन १" म्हणून जो शब्द मोठ्या अक्षरात छापायचे तो आमच्या दुकानाचंच नाव. आमच्या नावाला दुसरं कोण पहिलं येणार?

इथपर्यंत लिहून मी एक स्टार देऊन टाकणार होते. मग मधे आठवडाभर तसंच पडलं, आणि तेवढ्यात दुकानात एक बेळगावचं कुटुंब आलं, मॅप बघून आलो म्हणाले, आणि लग्नाचे जोड घेऊन गेले. तर एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, एजन्सीतला जो पोरगा फोटो काढायला आला होता त्यानं बिझनेस प्रोफाईलचं, म्हणजे गूगल मॅपवरच्या दुकानाच्या माहितीचं, काम चोख केलं. आधी आमची कॅटेगरी कुणीतरी "लेदर गुड्स" अशी काहीतरी मोघम टाकलेली, ती त्यानं बदलली, वेळा नीट केल्या, साप्ताहिक सुट्टी घातली, दोन फोन नंबर होते त्यातला बंद नंबर काढला, दाराचा, जिन्याचा, समोरच्या पार्किंगचा फोटो टाकला. मॅपवरून येणारे फोन तेव्हापासून वाढले ते आजपर्यंत. तो पोरगा आता तिथं नाही म्हणे, अशी माणसं टिकत नाहीत. पण याच्याही पुढं जाऊन त्यांचे साहेब म्हणत होते की अख्ख्या कोल्हापुरात मॅपवर एक नंबर करतो, ते कसं शक्य आहे? गूगल स्वतः सांगतं की तिथं तीन गोष्टी बघतात, शोधलेल्याशी जुळतंय का, अंतर किती, आणि नावलौकिक. अंबाबाईच्या देवळापाशी उभं राहून कोणी शोधलं तर देवळाजवळची दुकानं वर येणारच, राजारामपुरी काय तिथं सरकवता येत नाही. रिव्ह्यू विकत आणायचंही सुचवलं होतं, मामांनी हाकललं. तर एकाचे दोन स्टार करते, दुसरा स्टार त्या पोराचा.

सर्च कन्सोलमध्ये मला लागलेलं वेड म्हणजे "क्वेरीज". लोक नक्की काय टाईप करून येतात ते. त्यात फिल्टर लावून आपलं नाव वगळायचं, मग खरं चित्र दिसतं. मला वाटायचं लोक "बेस्ट कोल्हापुरी चप्पल" शोधतात. शोधतात, पण तिथं मोठमोठ्या कंपन्या बसल्यात, आपला नंबर लागत नाही. आमच्याकडं येणारे काय विचारतात? नवीन कोल्हापुरी चावते काय करू. पावसात चालते काय. करकर आवाज कसा येतो. कापशी म्हणजे काय. हे तर आमच्या काउंटरवर रोजचंच! मग मी मामांना समोर बसवलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि त्यांच्याच शब्दांत पान लिहिलं, "नवीन जोड चावत असेल तर". पहिले काही दिवस घरात थोडा थोडा वेळ घाला, अंगठ्यापाशी आणि पट्ट्याला आतून तेल लावा, भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा, एवढंच. त्याखाली कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून रेघ कशी मारायची आणि व्हॉट्सॲपवर कशी पाठवायची याचे फोटो, कारण आठ नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो. कुठलं मेटा नाही, कुठली बॅकलिंक नाही. ते पान आज साईटवर सगळ्यात जास्त क्लिक खातं, आणि पायाच्या रेघांचे फोटो येतात ते त्याच पानावरून. लई बरं वाटलं, ८५ हजारात जे झालं नाही ते मामांच्या तोंडून झालं.

साईटचे फोटो बारीक करणं हे दुसरं काम, मोबाईलवर काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले होते. मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे, आता बसतंय त्यात. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

सर्च कन्सोलला पाच का नाही, चारच, तर पक्के आकडे दोन-तीन दिवस उशिरा येतात, काही क्वेरीज गोपनीयतेसाठी दाखवतच नाहीत म्हणून बेरीज कधी जुळत नाही (आमच्या मामांसारख्या वहीवाल्या माणसाला हे पटवणं अवघड), आणि आता वर एआयचं उत्तर येतं त्यात आपण दिसलो की नाही हे वेगळं कळायची सोय नाही. पान दिसल्याचे आकडे वाढतात, क्लिक तेवढेच. आणि सगळं इंग्रजी वळणाचं, भाषा बदलता येते पण मग काय कुठं आहे तेच सापडत नाही.

एजन्सीनं शेवटी पैसे परत न देता "दोन महिने एक्स्ट्रा सर्व्हिस" देऊ केली. ती घेतली नाही. सप्टेंबरचं बिल आम्ही भरलेलं नाही आणि भरणार नाही, त्यांचे मेल येतात, मी उत्तरादाखल तो आलेख जोडून पाठवते.

सध्या एकच अडलंय. लहान मुलांच्या चपलांची पानं "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" मध्ये (गूगलनं बघितलं पण यादीत घेतलं नाही) अडकली होती, प्रत्येक रंगाला वेगळं पान आणि मजकूर तोच, म्हणून सगळे रंग एका पानात घेतले तर ते आत आलं. पण बक्कलनाळीचं (हा कोल्हापुरीचाच एक प्रकार) पान काय केल्या येत नाही. फोटो आहेत, माहिती आहे, दुसऱ्या पानांवरून लिंक दिलीय, टिक तर मी दर सोमवारी उघडून बघते, नाही. कुणाचं असं पान बाहेरून आत आलं असेल तर काय केलंत तेवढं लिहा. पॅकेजवाल्यांनी कृपया फोन करू नये.