यासाका मार्क व्ही: तयार बॅटनंतरचं पहिलं रबर

टेबल टेनिसची दुकानातली तयार बॅट सोडून स्वतः बॅट जोडायची असेल, तर यासाका मार्क व्ही हे जपानी रबर आजही चांगलंच. रबराखालचा स्पंज मात्र 2.0 मि.मी.चाच घ्या, ‘मॅक्स’चा, म्हणजे सर्वांत जाड स्पंजाचा, मोह नको. जाड स्पंजावरून ब्लॉक (समोरचा जोरदार फटका नुसती बॅट आडवी धरून परतवणं) टेबलाबाहेर जातो आणि दोष बिचाऱ्या मनगटाला मिळतो. खाली पाच थरांचं साधं लाकडी ब्लेड (रबर लावण्याआधीची नुसती बॅट) हवं, कार्बनचे थर असलेलं इतक्यात नको.

टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, शिकताना या रबराचं मोल कळतं. फटका अर्धवट मारला की चेंडू सरळ जाळीत. चूक झाकली जात नाही. नव्या टेन्सर (आतून ताण दिलेल्या, वेगवान) रबरांची उसळी यात नाही. टेबलापासून लांब उभं राहून लूप (भरपूर फिरकीचा टॉपस्पिन) मारणाऱ्याला ही उणीव जाणवेल.

चिकटवताना पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) गोंदाचे स्पंजला दोन हात, ब्लेडला एक. पांढरा गोंद पूर्ण पारदर्शक होण्याआधी जोडलंत, तर आत ओल राहून फुगे धरतात. मुठीकडून वर हलकेच लाटत न्या. ओढून लावलेलं रबर नंतर कडेला आकसतं आणि लाकूड उघडं पडतं. आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) रबरावरचं चिन्ह मुठीजवळच दिसलं पाहिजे. ते कापलं गेलं, तर स्पर्धेत पंच बॅट अडवतात.